ड्रॅग शर्यतीची मोटार आणि मागच्या सस्पेन्शनचा हिशेब

धंदा कोणताही असो, नफा कुठे सांडतो आहे हे ज्याला वेळेवर कळले तो तरला. मोटारींच्या ड्रॅग शर्यतीत तर हा नियम सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत लागू होतो. लाखो रुपये खर्चून इंजिन बनवावे, हिरवा दिवा लागताच पाय दाबावा आणि सगळी ताकद मागच्या टायरच्या धुरात उडून जावी, असे अनेकदा घडते. मालक म्हणतो, इंजिन कमी पडले. तो आणखी पैसा इंजिनात ओततो आणि धूर आणखी वाढतो. दोष बहुधा मागच्या सस्पेन्शनच्या जोडणीत असतो आणि तो पाना, टेप व ओळंबा घेऊन शोधता येतो. गॅरेजच्या व्यवसायात असलेल्या वाचकांसाठी हा धडा आहे. इतरांनीही वाचायला हरकत नाही, कारण हिशेब सगळीकडे सारखाच असतो.

खेळ काय आहे?

ड्रॅग शर्यतीचा खरा मुलूख अमेरिका. तेथे वॉली पार्क्स यांनी १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था स्थापन केली आणि रस्त्यावरच्या बेफाम शर्यतींना मैदान व नियम मिळवून दिले. सरळ पट्टीवर दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि पाव मैल, म्हणजे १३२० फूट किंवा सुमारे ४०२ मीटर, पळतात. नायट्रो इंधनावर चालणाऱ्या सर्वांत वेगवान वर्गांचे अंतर २००८ सालापासून सुरक्षिततेसाठी १००० फुटांवर आणले गेले. वेळ फक्त शेवटी मोजत नाहीत. ६० फूट, ३३० फूट, ६६० फूट आणि १००० फूट अशा टप्प्यांवरही नोंद होते आणि धाव संपल्यावर चालकाच्या हाती छापील चिठ्ठी येते.

सस्पेन्शन जोडणाऱ्या कारागिरासाठी या चिठ्ठीतला पहिला आकडा, म्हणजे ६० फुटांचा, सर्वांत महत्त्वाचा. जुन्या उस्तादांचा ठोकताळा असा, की पहिल्या ६० फुटांत सेकंदाचा दहावा भाग वाचला तर पाव मैलाच्या शेवटी त्याचा दीड ते दोन पट फायदा दिसतो. दिवा पाहून चालकाने किती उशीर केला याची नोंद वेगळी होते, ती या आकड्यात मिसळत नाही. म्हणून ६० फुटांचा आकडा मुख्यतः मोटारीची आणि टायरच्या पकडीची हकिगत सांगतो.

वजन मागे कसे जाते?

मोटार जोरात पुढे निघाली की पुढचे चाक हलके होते आणि मागचे जड. त्याचे सूत्र सोपे आहे. मोटारीचे वजन, गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची आणि गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजलेला वेगवाढीचा जोर यांचा गुणाकार करावा आणि त्याला पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराने भागावे.

उदाहरण घेऊ. मोटार चालकासह १४५० किलो, गुरुत्वमध्य ५० सेंटिमीटर उंच, चाकांमधले अंतर २७० सेंटिमीटर. उभी असताना ५४ टक्के वजन पुढे, म्हणजे पुढे ७८३ किलो आणि मागे ६६७. आता ती एक पट गुरुत्वाकर्षणाइतक्या जोराने निघाली तर १४५० गुणिले ५० भागिले २७०, म्हणजे सुमारे २६९ किलो वजन मागे सरकते. मागे ९३६ होतात, पुढे ५१४ उरतात.

यात एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. या सूत्रात स्प्रिंगचे नाव नाही आणि शॉक ॲब्जॉर्बरचेही नाही. सरकणाऱ्या वजनाची एकूण रक्कम ठरते ती उंची, लांबी आणि जोर यांवर. मऊ स्प्रिंग टाकल्याने मोटार झुकलेली जास्त दिसते आणि बघणाऱ्याला वाटते की खूप वजन मागे गेले. प्रत्यक्षात गुरुत्वमध्य हलला असेल तेवढाच किरकोळ फरक पडतो. डेट्रॉइटच्या क्रायस्लर कंपनीतील इंजिनिअरांच्या ‘रॅमचार्जर्स’ या क्लबाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस १९४९ सालची एक प्लिमथ मोटार मुद्दाम इतकी उंच करून ठेवली होती की तिचे नाव ‘हाय अँड मायटी’ पडले. दिसायला ती विचित्र होती, पण हिशेब बरोबर होता. उंची वाढली की मागे जाणारे वजन वाढते. आज टायर फार चांगले असल्याने एवढी उंची लागत नाही.

मग सस्पेन्शनचे काम काय? ते वजन टायरवर किती झटक्याने पडावे, मागची बाजू बसावी की उठावी आणि दोन्ही टायरवर ते सारखे पडावे, एवढे सस्पेन्शन ठरवते. रक्कम तीच असते, वाटप त्याच्या हाती असते.

चार दांड्यांची रचना

टॉप फ्युएल वर्गाच्या लांबलचक मोटारींना मागे सस्पेन्शन नसतेच, ॲक्सल थेट फ्रेमला जखडलेला असतो. जुन्या मोटारींत कमानीचे पाटे असत आणि आजही अनेक वर्गांत ते चालतात. पण प्रो स्टॉक वर्गात आणि मैदानावरच्या बहुसंख्य गंभीर मोटारींत चार दांड्यांची रचना असते, तिला फोर-लिंक म्हणतात. प्रत्येक बाजूला दोन दांड्या, एक खाली आणि एक वर. दांडीचे मागचे टोक ॲक्सलच्या ब्रॅकेटला, पुढचे टोक फ्रेमच्या ब्रॅकेटला. ब्रॅकेटला एकाखाली एक अशी भोके असतात. कोणत्या भोकात बोल्ट टाकायचा, यातच सगळी विद्या आहे.

मोटारीकडे बाजूने पाहा. खालच्या दांडीची रेघ पुढे वाढवा, वरच्या दांडीची रेघही पुढे वाढवा. दोन्ही रेघा जेथे मिळतात त्या बिंदूला इन्स्टंट सेंटर म्हणतात. आपण त्याला संगमबिंदू म्हणू. मागचा ॲक्सल जणू या बिंदूला टेकून मोटारीला ढकलतो.

आता दुसरी रेघ ओढा. मागचा टायर जमिनीला टेकतो तेथून निघून पुढच्या चाकाच्या बरोबर वर, गुरुत्वमध्याच्या उंचीवर पोहोचणारी. संगमबिंदू या रेघेवर पडला तर मागची बाजू ना बसते ना उठते, त्याला १०० टक्के अँटी-स्क्वॉट म्हणतात. बिंदू रेघेच्या वर असेल तर मागची बाजू उठते आणि टायर जमिनीत दाबला जातो. खाली असेल तर मागची बाजू बसते.

हिशेब करून पाहू

मोटार सपाट फरशीवर उभी करावी. चालक सीटवर बसलेला असावा, इंधन शर्यतीइतके असावे, टायरमधली हवा शर्यतीचीच असावी. प्रत्येक बोल्टच्या मध्यापासून जमिनीपर्यंत उंची मोजावी. ॲक्सलच्या मध्यापासून पुढच्या बोल्टपर्यंतचे आडवे अंतर ओळंबा सोडून फरशीवर खूण करून मोजावे.

समजा, मागचे दोन्ही बोल्ट ॲक्सलच्या मध्याच्या सरळ वर व खाली आहेत. खालच्या दांडीचे मागचे टोक १८ सेंटिमीटर उंच, पुढचे टोक ५० सेंटिमीटर पुढे आणि २० सेंटिमीटर उंच. वरच्या दांडीचे मागचे टोक ३८ उंच आणि पुढचे टोक तेवढ्याच अंतरावर ३२ उंच. खालची दांडी ५० सेंटिमीटरमध्ये २ चढते, वरची ६ उतरते. दोघींमधले २० सेंटिमीटरचे अंतर दर ५० सेंटिमीटरला ८ ने कमी होते. म्हणजे त्या १२५ सेंटिमीटर पुढे मिळतात आणि तेथे उंची २३ सेंटिमीटर भरते.

२३ भागिले १२५ केले की ०.१८४ येतात. गुरुत्वमध्याची उंची ५० भागिले चाकांमधले अंतर २७० केले की ०.१८५ येतात. पहिल्याला दुसऱ्याने भागले की सुमारे ९९ टक्के. ही मध्यम जोडणी झाली.

आता वरच्या दांडीचे पुढचे टोक फक्त २ सेंटिमीटर खाली, ३० वर आणा. संगमबिंदू १०० सेंटिमीटरवर, २२ उंचीवर येतो आणि टक्केवारी सुमारे ११९ होते. तेच टोक मूळ जागेपासून २ सेंटिमीटर वर, ३४ वर नेले तर बिंदू १६७ सेंटिमीटरवर पळतो, उंची सुमारे २५ होते आणि टक्केवारी ८० वर घसरते. एका भोकाने जोडणी ८० पासून ११९ पर्यंत फिरली. ज्याने हे मोजले नाही तो अंधारात पाना फिरवतो आहे, असे समजावे.

गुरुत्वमध्याची उंची कशी काढावी, हा प्रश्न वाचक विचारतील. बरोबर मोजायची तर चार काटे लावून मोटार एका बाजूने उंच उचलावी लागते. कारागीर लोक व्ही-८ इंजिनाच्या कॅमशाफ्टची उंची ही पहिली धर म्हणून घेतात. ती अंदाजी आहे, पण तुलना करण्यापुरती कामाची आहे.

जोडणीचा क्रम

क्रम चुकला तर केलेले काम वाया जाते, कारण पुढची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असते.

पहिली पायरी तपासणीची. दांड्यांच्या टोकांचे रॉड-एंड ढिले आहेत का, चेकनट घट्ट आहेत का, ब्रॅकेटच्या वेल्डिंगला चीर आहे का, हे हात लावून आणि उजेड पाडून पाहावे. मोटारीखाली जाताना पक्के स्टँड लावावेत, नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरू नये.

दुसरी पायरी ॲक्सल काटकोनात आणण्याची. दोन्ही बाजूंचे पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर सारखे हवे. दोन्ही मागच्या टायरचा घेरही टेपने मोजावा. घेरात फरक असेल तर मोटार सरळ जाणार नाही आणि दोष मात्र दांड्यांवर येईल.

तिसरी पायरी मोटारीची उंची. ती स्प्रिंगच्या खालची चकती फिरवून ठरवावी आणि मग बदलू नये. उंची बदलली की दांड्यांचे कोन बदलतात आणि वरचा सगळा हिशेब पुन्हा करावा लागतो.

चौथी पायरी संगमबिंदूची. दोन्ही बाजूंना तेच भोक असावे. नव्या मोटारीत १०० टक्क्यांच्या आसपास सुरुवात करणे शहाणपणाचे.

पाचवी पायरी पिनियनच्या कोनाची. जोर लागला की डिफरन्शियलचे नाक वर उचलले जाते, म्हणून उभ्या मोटारीत ते प्रोपेलर शाफ्टच्या मानाने थोडे खाली झुकवून ठेवतात. रॉड-एंड असलेल्या चार दांड्यांच्या रचनेत एक-दोन अंश पुरतात. कमानीच्या पाट्यांना पीळ जास्त बसतो, म्हणून तेथे पाच ते सात अंश देतात. दांडीचे भोक बदलले की हा कोन पुन्हा तपासावा.

सहावी पायरी प्रीलोडची, म्हणजे आगाऊ ताणाची. इंजिनाचा पीळ ॲक्सलला असा फिरवू पाहतो की डावा टायर दाबला जातो आणि उजवा हलका होतो. मग डावा टायर जास्त ढकलतो आणि मोटार उजवीकडे ओढली जाते. मागावर ताण्याची एक बाजू ढिली पडली की कापड जसे तिरके निघते, तसाच हा प्रकार. उपाय असा, की उजवीकडची वरची दांडी किंचित आखूड करावी. तिच्या एका टोकाला उलटे आटे असतात, त्यामुळे बोल्ट न काढता दांडी फिरवून लांबी बदलता येते. षटकोनी नटाची एक बाजू, एवढेच एका वेळी फिरवावे, चेकनट घट्ट करावा आणि धाव घ्यावी. मोटारीला मागे भक्कम अँटी-रोल बार असेल तर हे काम तोच करतो. तेव्हा प्रीलोड शून्य ठेवून, चालक बसलेला असताना बारची दांडी बिनताणाची जोडावी.

सातवी आणि शेवटची पायरी शॉक ॲब्जॉर्बरची. पुढच्या शॉकचे उघडणे मोटारीचे नाक किती लवकर उठेल हे ठरवते. मागच्या शॉकचे उघडणे टायर किती झटक्याने दाबला जाईल हे ठरवते. दोन्ही मधल्या खुणेवर ठेवून सुरुवात करावी.

मोटार काय सांगते ते ऐका

प्रत्येक धाव बाजूने चित्रित करावी. आज साध्या मोबाईल फोनवरही संथ गतीचे चित्रण मिळते. त्यात तीन गोष्टी पाहाव्यात : टायरची बाजू कशी चुरगळते, मागची बाजू उठते की बसते, आणि पुढची चाके किती वर जातात.

मागची बाजू झटकन उठली, टायर खूप चुरगळला आणि दोन-तीन मीटरवर एकदम घसरला, तर धक्का जास्त बसतो आहे. टायर दाबला गेला, पण लगेच उसळून हलका झाला. आधी मागच्या शॉकचे उघडणे दोन खटके कडक करावे. तेवढ्याने भागले नाही तर वरच्या दांडीचे पुढचे टोक एक भोक वर न्यावे.

टायर सुरुवातीलाच घसरला आणि मागची बाजू बसली, तर आधी टायर नीट तापवला होता का आणि हवा बरोबर होती का ते पाहावे. ते ठीक असेल तरच दांडीकडे जावे आणि टक्केवारी वाढवावी.

पुढची चाके फार उंच जात असतील तर प्रेक्षक टाळ्या वाजवतात, पण घड्याळ हरते. शिवाय नाक खाली आदळले की स्टिअरिंग आणि इंजिनाचा तळ मोडतो आणि हवेत असलेल्या चाकांनी मोटार वळवता येत नाही. पुढच्या शॉकचे उघडणे कडक करावे आणि मागची व्हीली बार योग्य उंचीवर आहे का ते तपासावे. मोटार भिंतीकडे ओढत असेल तर चालकाने पाय काढावा. एक धाव हरणे स्वस्त असते.

एका वेळी एकच बदल, हा या कामाचा पहिला कायदा. शॉक, दांडी आणि हवा तिन्ही एकदम बदलले आणि वेळ सुधारली, तर कशाने सुधारली हे कोणालाच कळत नाही. मोटार रेषेवर उभी करण्याची पद्धतही दरवेळी तीच ठेवावी, कारण चाक रेषेच्या थोडे मागेपुढे उभे राहिले तरी ६० फुटांचा आकडा बदलतो. वहीत तारीख, हवामान, पट्टीची स्थिती, टायरची हवा, प्रत्येक बोल्टचे भोक, शॉकचे खटके आणि ६० फुटांची वेळ लिहावी. बदलाने नुकसान झाले तर वही पाहून मागच्या जागी परत येता येते. वही नसेल तर परतीची वाट नाही.

आपल्याकडे याचा उपयोग

महाराष्ट्रात लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या विमान धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ नावाच्या ड्रॅग शर्यती झाल्या आहेत आणि आपल्या गॅरेजांतले हुनरमंद कारागीर अशा मोटारी तयार करतात. मात्र एक सावधगिरी हवी. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या मोटारींचे इंजिन पुढची चाके फिरवते. तेथे मागे सरकणारे वजन हे नुकसान असते, कारण ढकलणारी चाकेच हलकी होतात. अशा मोटारीत मागची बाजू बसू नये म्हणून ती कडक ठेवतात. वरचा चार दांड्यांचा धडा त्या मोटारीला जसाच्या तसा लावला तर ती आणखी मंद होईल. आधी मोटार कोणत्या चाकांनी ढकलते ते पाहावे, मग पाना उचलावा. आणि परीक्षा नेहमी परवानगी असलेल्या बंद पट्टीवरच घ्यावी. रात्री हायवेवर मोटार आजमावणारा स्वतःबरोबर रस्त्याने जाणाऱ्या बेगुनाह माणसाचा जीवही पणाला लावतो.

आता धंद्याची बाजू. गिऱ्हाईक येते तेव्हा त्याला महाग शॉक हवे असतात आणि दुकानदाराला ते विकण्यात चार पैसे सुटतात. इमानदार कारागिराने आधी मोजमाप करावे, मोजलेल्या आकड्यांचा कागद गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा आणि त्या मेहनतीचे दाम बिलात वेगळे लिहावेत. पुष्कळदा एका भोकाच्या आणि दोन खटक्यांच्या फरकाने काम भागते आणि नवा माल लागतच नाही. त्या दिवशी विक्री कमी होईल. पण ज्याचा पैसा वाचला तो गिऱ्हाईक पुढच्या मोसमात परत येतो आणि येताना दुसऱ्याला घेऊन येतो. वजनाच्या सूत्रासारखेच आहे हे. रक्कम मोठी दाखवण्यापेक्षा ती योग्य जागी पडली पाहिजे.